घरच्या कॉफीसाठी ग्राइंडर: 8000 रुपयांत हाताचा घ्यावा की विजेचा?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. घर पणजीत, कॉफी पिणारे दोघे. सकाळी स्टीलच्या फिल्टरचं डिकॉक्शन, संध्याकाळी तीन कपांचा मोका पॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं). बिया चिकमगळूरच्या, अरेबिका, मध्यम भाजलेल्या. सध्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळतो. एकाच पाकिटातल्या बिया, पण डिकॉक्शन एके दिवशी भराभर गळतं आणि पाणचट लागतं, दुसऱ्या दिवशी तुंबून बसतं. मोकाची कॉफी कडवट लागते आणि आंबटही. 8000 पर्यंत ग्राइंडर घ्यायचा आहे. हाताचा की विजेचा? बर (बिया दळणारा दातेरी भाग) स्टीलचा की सिरॅमिकचा? इथल्या पावसात गंजेल का?

खडखड:
कडवट आणि आंबट एकदम लागतं, याचं मूळ मिक्सरच्या भांड्यातच आहे. पातं दाणा दळत नाही, नुसता फोडत सुटतं. जो तुकडा पात्यासमोर परत परत येतो त्याचं पीठ होतं. जो कडेला अडकतो तो तसाच जाड राहतो. पिठातून नको तेवढं उतरतं, तो कडवटपणा. जाड तुकड्यातून पुरेसं उतरतच नाही, तो आंबटपणा. फिल्टरच्या तळाची भोकं बुजतात तीही या पिठानेच. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी भागांमधलं अंतर आपण ठरवतो, आणि तेवढा बारीक झाल्याशिवाय तुकडा खाली पडत नाही. पीठ थोडं तिथेही होतं, पण रोज साधारण तेवढंच होतं. त्यामुळे रोजची चव एकसारखी राहते.

8000 मध्ये हाताचाच घ्या. या किमतीच्या विजेच्या ग्राइंडरमध्ये पैसे मोटर आणि बाहेरच्या खोक्यात जातात, बर यथातथाच मिळतो. हाताच्यात तेच पैसे बर आणि बेअरिंगला लागतात. घेताना मधला दांडा वर-खाली दोन्हीकडे बेअरिंगमध्ये बसलाय का, हे आधी पाहा. मग आतला बर चिमटीत धरून आडवा हलवा. डुगडुगला की परत ठेवून द्या, कारण दळताना एका बाजूची फट वाढणार, दुसऱ्या बाजूची घटणार, आणि हातात पडणार पुन्हा मिक्सरचाच माल.

बर स्टेनलेस स्टीलचा, कोनिकल (शंकूच्या आकाराचा), 38 मिमीच्या आसपास घ्या. सिरॅमिक गंजत नाही हे खरं, पण बियांत खडा आला तर त्याची कपची उडते, शिवाय दळायला वेळही जास्त लागतो.

सासष्टी:
दोघांपुरतं वरचं सगळं पटतं. पण चवथीला घर भरलं की आठ जणांच्या डिकॉक्शनला 80 ते 100 ग्रॅम बिया लागतात. हाताच्या ग्राइंडरमध्ये एका वेळी 20-25 ग्रॅमच मावतात, म्हणजे चार खेपा. घरात मनगटाचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तर हाताच्याचा विचारही करू नका. हलक्या भाजलेल्या बिया फारच टणक असतात. अशा घरासाठी आणखी पैसे जमवून 40 मिमी बरचा विजेचाच घ्यावा. मात्र अमेरिकेहून कुणी आणून देत असेल तर मागची पट्टी वाचा. 110-120 व्होल्ट लिहिलेलं यंत्र आपल्या 230 व्होल्टला सरळ लावलं की मोटर जळते.

आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ. भाजलेल्या चिकोरीचे तुकडे बरमध्ये कधीच घालू नका. चिकोरी हवेतलं पाणी ओढते, चिकट होते आणि दातांत बसते. कॉफी एकटी दळा, चिकोरीची तयार पूड नंतर मिसळा. ती मिसळली की डिकॉक्शन हळू गळतं, म्हणून कॉफी किंचित जाड ठेवावी. निव्वळ कॉफीला त्याहून बारीक दळण लागतं.

दमट हवा:
गंजाबद्दल. स्टेनलेस बरला सहसा काही होत नाही. गंज धरतो तो स्प्रिंग, वॉशर आणि बेअरिंगला. समुद्राजवळच्या घरात खारा वारा असतो, तिथे लवकरच. त्यामुळे पाण्याने धुवायचा नाही. रोज दळून झालं की कोरड्या ब्रशने झाडायचा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पूर्ण खोलायचा. दातांच्या मुळाशी पूड ओली होऊन तपकिरी थर धरते. तो टूथपिकने काढायचा. राहिला तर त्याचा खवट वास पुढच्या प्रत्येक कपात येतो. खोलताना भागांचा क्रम फोटोत घ्या, स्प्रिंग-वॉशरची अदलाबदल झाली की क्लिक (दळण जाड-बारीक करायच्या पेचाचे टप्पे) नीट लागत नाहीत. तांदूळ दळून साफ करू नका. कच्चा तांदूळ फार कडक असतो, घरगुती मोटरवर ताण येतो आणि पीठ आत अडकतं.

ग्राइंडरपेक्षा बियांना जास्त जपा, माझ्या मते पावसाळ्यातला निम्मा घोळ तिथेच होतो. दमट बी लवचिक होते, त्याच क्लिकवर वेगळी दळली जाते आणि डिकॉक्शनचा वेग बदलतो. पाकीट फोडल्यावर हवाबंद बरणीत ओट्यावरच, चुलीपासून लांब ठेवा. फ्रीजमधून रोज काढ-घाल नको, थंड बियांवर लगेच दव धरतं. जास्त बिया टिकवायच्या तर आठवड्यापुरत्या पुड्या घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

पूड डब्याला चिकटते तेव्हा बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून ढवळतात. त्याने स्थिर वीज कमी होते. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये हे मोजून दाखवलं. आपल्याकडे भर पावसात मात्र त्याची गरज पडत नाही.

मांडवीकाठ:
सर्वांचे आभार. हाताचाच घेतो. चिकोरी वापरत नाही. फिल्टर आणि मोका दोन्हींसाठी सेटिंग कसं शोधायचं?

खडखड:
दुसऱ्याचा क्लिकचा आकडा उचलू नका, प्रत्येक मॉडेलचं गणित वेगळं. पेचाच्या एका फेरीत बर 1 मिमी सरकत असेल आणि फेरीला 12 क्लिक असतील, तर एका क्लिकला सुमारे 0.08 मिमी. असे थोडेच क्लिक हाताशी असतात, म्हणून एका वेळी एकच बदला.

आधी शून्य शोधा: ग्राइंडर रिकामा ठेवून पेच आवळत जा, हँडल आपसूक फिरेनासं झालं की ते शून्य. तिथे जोर लावून फिरवू नका, दात एकमेकांवर घासतात. पुढची मोजणी तिथून बाहेर. खोलून परत जोडलात की शून्य नव्याने शोधा.

मोकापासून सुरुवात करा. दळण बारीक रव्याहून थोडं बारीक हवं, पण पीठ नको. तीन कपांच्या भांड्यात साधारण 15 ग्रॅम बसते. सपाट करा, दाबू नका. खालच्या भागात पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच. आच मंद. कॉफी वर येत नाही आणि व्हॉल्व्हमधून किंवा रबराच्या कडेने वाफ सुटते, तर दळण फार बारीक झालंय. गॅस बंद करा, भांडं पूर्ण गार झाल्यावरच उघडा, पुढच्या वेळी एक क्लिक जाड. उलट सगळी कॉफी भसकन वर आली आणि फिकी लागली, तर एक क्लिक बारीक.

फिल्टरला मोकाच्या क्लिकच्याच आसपास सुरू करा. 25 ग्रॅम कॉफी, वरची चकती हलकेच टेकवायची, 150 मिली पाणी, उकळी मोडल्यावर अर्ध्या मिनिटाने. सगळं गळायला 15 ते 20 मिनिटं लागावीत. पाच मिनिटांत संपलं तर बारीक करा. अर्ध्या तासानेही वर पाणी उभं असेल तर जाड करा. चकती काढून ढवळू नका, पूड हलली की भोकं आणखीच बुजतात. दोन्ही क्लिक सापडले की कागदावर लिहून ग्राइंडरच्या खोक्यात चिकटवा. नवं पाकीट वेगळ्या भाजणीचं असेल तर मात्र पुन्हा एक-दोन क्लिक इकडेतिकडे करावे लागतील.