मदत हवी आहे : क्रॉन्स शांत झालाय, पण भाऊ जेवतच नाही

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २३, आम्ही डोंबिवलीला. साडेतीन वर्षांपूर्वी पोटदुखी, जुलाब, ताप सुरू झाला, आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) दिली, फरक पडेना म्हणून परत कोलोनोस्कोपी, तेव्हा क्रॉन्स (आतड्याला सतत सूज आणणारा आजार) निघाला. (दोन्ही आतून सारखेच दिसतात म्हणे, पण ते सहा महिने आठवले की अजून डोकं फिरतं.) मग स्टिरॉइड, सुजलेलं तोंड, अझाथायोप्रिन वगैरे. आता वर्षभर बरा आहे, गेल्या महिन्यात कॅल्प्रोटेक्टिन (शौचाच्या तपासणीतून आतड्याची सूज कळते ते) ३८, म्हणजे नॉर्मल आलं, डॉक्टर खूश.

वजन मात्र ५४ वरून ४६.

कारण खातच नाही. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, केळं, उकडलेला बटाटा, बस. दुखणं जोरात होतं तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलेलं की सालं-बिया-कोंडा टाळ, ते ठीक, पण दुखणं गेलं तरी पथ्य काही जाईना, उलट वाढतंच चाललंय. एकदा दूध बाधलं, दूध बंद. मावशीने व्हॉट्सॅपवर ग्लूटेनचं काहीतरी पाठवलं, पोळी बंद. मग तूरडाळ, मग टोमॅटो, मग फोडणी. ऑफिसच्या दिवशी तर सकाळपासून कडकडीत उपास, कारण लोकलमध्ये टॉयलेट नाही आणि दिवा-मुंब्र्याच्या मध्ये गाडी थांबली तर काय करू असं विचारतो, आणि खरं सांगू, याला माझ्याकडे पण उत्तर नाही.

आई सगळ्यांना कौतुकाने सांगते, "पोराचा जिभेवर ताबा बघा." लग्नात डबा घेऊन बसला तर पाहुणे पण वा वा!

परवा मुद्दाम थालीपीठ लावलं, त्याचं आवडतं. तुकडा मोडून हातात धरून बसला, पार गार झालं, मग म्हणाला, "ताई, भूक लागते गं, पण घास तोंडाशी नेला की हॉस्पिटलचा तो वास येतो."

बारीक व्हायचंय असं अजिबात नाही, आरशात बघून स्वतःच म्हणतो काय अवतार झालाय. मग याला ईटिंग डिसऑर्डर म्हणायचं का? सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की "म्हणजे मी नाटकं करतो का" म्हणून चिडतो. कसं समजावू? कुणाच्या घरी झालंय का असं?

जुना कोलायटिसवाला : ताई, हे मी दोन वर्षं केलंय. माझ्या डाएटिशियनने नाव सांगितलं, आर्फिड. यात बारीक व्हायची हौस नसते, खाल्ल्यावर काहीतरी होईल ही भीती असते. २०१३ पासून डॉक्टरांच्या पुस्तकात आहे, म्हणजे नाटक नाही हे त्याला आधी सांगा. मी पाव चमचा दह्यापासून सुरुवात केली, रविवारी, घरी, बाथरूम जवळ असताना. आठवड्याला एकच नवीन पदार्थ, आणि जरा गुडगुडलं म्हणून लगेच बाद करायचा नाही. सोबत काउन्सेलर होता, एकट्याने जमलं नसतं.

अळूवडी : आधी पोटाच्या डॉक्टरांना ८ किलो गेलेत हे आकड्यासकट सांगा, नुसते रिपोर्ट बघून खूश होऊ देऊ नका. क्रॉन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल तर खाल्ल्यावर खरंच दुखतं, आणि स्कोपी सगळ्या लहान आतड्यात पोचत नाही. एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) झालीय का? बी१२, आयर्न, पोटॅशियम, फॉस्फरस पण विचारा. आणि आईंना सांगा की घाबरून एकदम तूप-शिरा सुरू करू नका, फार दिवस कमी खाल्लेल्या माणसाला अचानक भरपूर दिलं की फॉस्फरस झपकन खाली जातो, जिवावर बेतू शकतं. तो येत नसेल तर टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर आधी तुम्हीच बोला, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

धागाकर्ती : दोघांचे खूप आभार. एमआर झालेली नाही, सोमवारी फोन करते. आईशी बोलले, रडली. भावाला हे वाचायला दिलं, बराच वेळ काहीच बोलला नाही, मग विचारतो, "त्यांचं ते दही आंबट होतं का गोड?"