केतकीताईचा आवडता सिनेमा

आमच्या घरच्या ग्रुपचं नाव 'समस्त देशपांडे'. एरवी तिथं सुप्रभात, गॅसचा नंबर लागला का आणि सांगलीचा पाऊस एवढंच असतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या विद्याआत्याची केतकी डिसेंबरात पुण्यात लग्न करतेय. मुलगा डॅनियल, जन्म न्यू जर्सीचा, आईवडील कोरियातून गेलेले. त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून बाबांनी त्याचा आवडता सिनेमा विचारला. ताईने नाव पाठवलं, 'हॅरॉल्ड अँड कुमार गो टू व्हाईट कॅसल'. नाव वाचून सगळ्यांना वाटलं, किल्ल्याबिल्ल्याची गोष्ट असेल. शनिवारी रात्री सांगलीत आजी, सुधीरकाका, मंगलकाकू आणि त्यांच्या ओमकडे, आणि ठाण्यात आमच्याकडे एकाच वेळी तो सुरू झाला. पुढचं जवळपास जसंच्या तसं. आजी बोलून टाइप करते, म्हणून तिच्या मेसेजांत विरामचिन्हं नाहीत.

शनिवार, रात्री 9:52

बाबा: सुरू केला. हॅरॉल्ड बँकेत कामाला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातले दोन गोरे आपलं काम त्याच्या गळ्यात मारून मजा करायला पसार. वर म्हणतात या आशियाई पोरांना आकडेमोड फार आवडते. आमच्या शाखेत होता असा एक साहेब.

मंगलकाकू: नितीनभावजी, दहा मिनिटांत दोघांनी गांजा पेटवलाय. आई समोर बसल्यात.

आजी: मी बघते आहे रिमोट मंगलकडे आहे

सुधीरकाका: केतकी, नाव चुकलं नाही ना? खात्री कर.

केतकीताई: नाही सुधीरमामा, हाच. हॅरॉल्ड अँड कुमार गो टू व्हाईट कॅसल, 2004. पुढे बरंच आहे, घाबरू नका.

बाबा: पुढे बरंच आहे म्हणूनच घाबरलोय.

आजी: कुमार कोणाचा

केतकीताई: पटेलांचा, आजी.

आजी: मग आपला कसा

विद्याआत्या: आई, इथं सगळे पटेलच असतात. माझ्या बँकेतली बाई मला वीस वर्षं मिसेस पटेल म्हणते. पहिली दोन वर्षं दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

आजी: व्हाईट कासव म्हणजे काय

ओम: कॅसल, आजी. बर्गरचं दुकान. यांना भूक लागलीय आणि त्यांना तिथलाच बर्गर हवाय.

मी: 1921 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटाला सुरू झालेली साखळी आहे. चौकोनी, पेढ्यापेक्षा थोडा मोठा बर्गर. आतल्या टिक्कीला पाच भोकं, खाली कांदा, त्याच्या वाफेवर शिजतो. भोकांतून वाफ वर येते म्हणून उलटवावा लागत नाही.

आजी: मग ढोकळ्यासारखं

रात्री 10:31

मंगलकाकू: आता हे बायकांच्या संडासातलं काय चाललंय!! पुढे ढकलते.

सुधीरकाका: ढकल.

ओम: काकू तिकडे हसत असतील ना शलाकाताई? इकडे आई पण हसतेय, तोंडावर पदर घेऊन.

मंगलकाकू: ओम, अभ्यासाला बस.

(मी त्याला काही कळवलं नाही. पण आमच्याकडे आई सोफ्यावरून घसरायची बाकी होती.)

सुधीरकाका: हे मात्र अती झालं. हा कुमार मेडिकलच्या मुलाखतीत मुद्दाम वेड्यासारखं बोलून प्रवेश घालवतो, बाप आणि भाऊ दोघे डॉक्टर असताना. आणि तोच पोरगा दवाखान्यात घुसून गोळी लागलेल्या माणसावर शस्त्रक्रिया करतो? ते पण यशस्वी? भूल कोणी दिली?

ओम: बाबा, पुढे दोघं चित्त्यावर बसून जंगलातून जातात. त्याला तुमची हरकत नाही का?

बाबा: हा हा हा

ओम: आणि त्याला येत असतं ना सगळं. घरच्यांनी ठरवलंय म्हणून करायचं नसतं, एवढंच.

यानंतर सुधीरकाका टाइप करतोय असं बराच वेळ दिसत राहिलं. मेसेज आला नाही. ओमचा हा नीटचा दुसरा प्रयत्न आहे, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही.

रविवार, सकाळी 8:15

बाबा: सुप्रभात. काल रात्री दीड वाजेपर्यंत त्या नटाबद्दल वाचत बसलो. कुमार झालेला कल पेन म्हणजे मूळचा कल्पेन मोदी, आईवडील गुजराती, जन्म न्यू जर्सीतलाच. नाव तोडून इंग्रजी केलं तर जास्त ऑडिशनला बोलावतात, हे त्याने स्वतः करून पाहिलं. 2009 मध्ये अभिनय बाजूला ठेवून ओबामांच्या कार्यालयात नोकरीला लागला. थोडक्यात, व्हाईट कॅसल ते व्हाईट हाऊस!!

मी: बाबा, हा विनोद 2009 पासून सगळे करतायत.

बाबा: मी आज केला.

आजी: तो मांस खातो का

केतकीताई: नाही आजी, शाकाहारी. शूटिंगला त्याच्यासाठी वेगळे शाकाहारी बर्गर केले होते.

आजी: बघा

(त्या एका 'बघा'ने सांगलीत या सिनेमाचा दर्जा दोन पायऱ्या वर गेला. गांजा माफ.)

सुधीरकाका: माझा मुद्दा वेगळा आहे. हसलो, मान्य. पण सगळा सिनेमा जातीपातीवरच्या विनोदावर उभा आहे. कोरियन म्हणजे हिशेबी, भारतीय म्हणजे डॉक्टर, ज्यू शेजारी, पोलीस म्हणजे मूर्ख गोरे. हे आपण एखाद्या मराठी सिनेमात केलं असतं तर तुम्हीच लोकांनी निषेध केला असता.

मी: काका, विनोद कोणावर उलटतो ते बघा ना. प्रिन्स्टन विद्यापीठातला तो प्रसंग आठवा. हॅरॉल्ड स्वतः कोरियन, पण आशियाई मुलांच्या क्लबात जायला त्याला कंटाळा येतो. सगळे पुस्तकी किडे असणार असं तो धरून चालतो. आणि रात्रीची सगळ्यात दणकेबाज पार्टी नेमकी त्यांचीच निघते. म्हणजे ठरवून टाकलेली माणसं त्याच्या डोक्यातही आहेतच. किंवा तो पोलीस. हॅरॉल्ड हे नाव त्याला फार आवडतं, आणि कुमार ऐकल्यावर विचारतो, हे कसलं नाव, यात पाच ओ आहेत की दोन यू?

केतकीताई: आणि मामा, कोठडीत आधीपासून बसलेला काळा माणूस शांतपणे पुस्तक वाचत असतो. पोलिसांनी त्याला कशासाठी धरलंय, तर काळा आहे म्हणून.

मी: बायकांच्या बाबतीत मात्र सिनेमा अगदीच थिल्लर आहे, ते मी मान्य करते. हॅरॉल्डला आवडणारी मारिया बिचारी लिफ्टमध्ये उभं राहायलाच आहे. तिथं लिहिणाऱ्यांचं डोकं चाललेलं नाही.

बाबा: लिहिणारे दोघं पण न्यू जर्सीचेच, शाळेपासूनचे मित्र, हर्विट्झ आणि श्लॉसबर्ग. त्यांचा हॅरॉल्ड ली नावाचा खरंच एक मित्र होता म्हणे.

मी: कास्टिंगचं काम मी रोज बघते म्हणून सांगते. हिंदी जाहिरातीसाठी मागणी येते, 'मराठी बाई हवी'. पुढे काही लिहिलेलं नसतं. नऊवारी की पाचवारी हा प्रश्न उरतो, हातात झाडू असणार हे धरलेलंच असतं.

बाबा: आणि पुरुष असला की हवालदार.

मी: या कल पेनचं 2002 मधलं पात्र माहितीये? नाव ताजमहाल बदलंदाबाद. त्याच्या दोन वर्षांनंतर पहिल्यांदा एका साध्या पटेलाची मुख्य भूमिका. लेखक हटून बसले नसते तर तीही मिळाली नसती.

सकाळी 9:40

विद्याआत्या: दादा, तुझा मेसेज वाचून झोप येईना. इथं रात्रीचे बारा वाजून गेलेत, तरी लिहिते. जरा लांबेल.

आम्ही 1986 मध्ये जर्सी सिटीत आलो. 1987 च्या उन्हाळ्यात तिथल्या पेपरात एक पत्र छापून आलं, की भारतीयांना शहरातून घालवायला आम्ही कुठल्याही थराला जाऊ. खाली सही डॉटबस्टर्स. डॉट म्हणजे आपली टिकली. मी घराबाहेर पडताना कुंकू पुसायला लागले ते तेव्हा. आई, तुला कधी सांगितलं नाही. तू पाठवलेली टिकल्यांची पाकिटं कपाटात तशीच होती. त्याच सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी नावाच्या पारशी तरुणाला पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. अनिल तेव्हा रात्री पेट्रोल पंपावर काम करायचा. न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायचं नाही असा 1949 पासूनचा कायदा आहे, त्यामुळे पंपावर माणूस लागतो आणि तो बहुतेक आपल्याकडचाच असतो. अनिल सकाळी घरी येईपर्यंत मी खिडकीत.

नंतर आम्ही एडिसनला आलो. ओक ट्री रोडवर भाजी, साड्या, सगळं मिळायला लागलं, जरा श्वास घेतला. मग टीव्हीवरच्या कार्टूनमधला तो भारतीय दुकानदार आला, 'थँक यू, कम अगेन' म्हणणारा. आवाज गोऱ्या नटाचा. आपल्या सिनेमात ती टवाळ पोरं दुकानात जाऊन हेच वाक्य फेकतात ना? रोहितला शाळेच्या बसमध्ये रोज ऐकवायचे. घरी येऊन सांगायचा नाही. मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं.

2005 मध्ये रोहित सोळा वर्षांचा. मित्राच्या घरी या सिनेमाची डीव्हीडी बघून आला. जेवताना म्हणाला, आई, त्यात आपल्यासारखा दिसणारा मुलगा आहे आणि तो काहीच करत नाही. मला वाटलं तक्रार करतोय. पण पोरगं इतकं खूश होतं! तो मुलगा दुकान चालवत नाही, स्पेलिंगच्या स्पर्धेत नसतो, विचित्र हेल काढून बोलत नाही. नुसता मित्राबरोबर रात्रभर बर्गर शोधत फिरतो. गांजाचं मला नंतर कळलं, तेव्हा पाठीत धपाटा घातला ते वेगळं.

हे दोघे सिनेमात राहतात कुठे, तर होबोकेनमध्ये. शूटिंग कॅनडात केलंय, पण नाव होबोकेनचं. आज केतकी आणि डॅनियलचं घर तिथंच आहे. भाडं ऐकशील तर पुन्हा म्हणशील सिनेमात काहीही दाखवतात.

यावर पंधरा-वीस मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही.

आजी: टिकल्या अजून आहेत का कपाटात

विद्याआत्या: आहेत आई. गोंद वाळला.

आजी: नव्या देते येशील तेव्हा

सकाळी 10:25

मंगलकाकू: एक विचारू का केतकी? तिकडे गांजा सहज मिळतो का गं?

केतकीताई: मामी, न्यू जर्सीत आता कायदेशीर आहे. एप्रिल 2022 पासून 21 वर्षांवरच्या कोणालाही दुकानात मिळतो, ओळखपत्र दाखवून.

मंगलकाकू: तुम्ही दोघं...?

केतकीताई: मामी, इथं रात्रीचा एक वाजत आलाय. झोपते.

बाबा: आपल्याकडे 1985 चा कायदा आहे, गांजा त्यात येतो, पण भांगेचं नुसतं पान येत नाही. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारी दुकानं आहेत. बँकेत असताना वाराणसीला एका मित्राकडे

बाबा: हा संदेश हटवला गेला आहे

आई (माझी): पूर्ण करा ना वाक्य.

संध्याकाळी 7:05

बाबा: केटररची यादी टाकतोय, नजर टाका. संध्याकाळ: मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. चिनी पाहुण्यांसाठी: हक्का नूडल्स.

मी: बाबा!!

ओम: काका, काल जवळपास दीड तास काय बघितलं आपण? मध्ये पुढे ढकललं तरी.

बाबा: सॉरी सॉरी. दुरुस्त करतो. कोरियन पाहुण्यांसाठी: हक्का नूडल्स.

केतकीताई: नितीनमामा, फक्त शब्द बदललात, नूडल्स तेच! वेगळं काहीच नको. डॅनियलच्या आईने दिवाळीला आमच्याकडे चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या आणि आईच्या कैरीच्या लोणच्याची बरणी घरी नेली. बदल्यात त्यांनी दिलेली किमची बाबा दहीभाताबरोबर खातात.

सुधीरकाका: किमची म्हणजे आंबवलेला कोबी. पोटाला चांगली.

सुधीरकाका: ओम, उद्या संध्याकाळी फिरायला जाऊ दोघं. अभ्यासाचं काही नाही, असंच.

ओम: बर्गर खाऊ का?

सुधीरकाका: आधी फिरू.

आजी: पुढचा भाग आहे म्हणे

केतकीताई: आहे ना आजी. दुसरा 2008 चा आणि तिसरा 2011 चा, नाताळचा.

सुधीरकाका: दुसरा नको. वाचलं मी त्याबद्दल.

आजी: मग नाताळचा लावा सणाचा आहे

मंगलकाकू: रिमोट कुठे गेला? सकाळपासून दिसत नाहीये.

ओम: आजीच्या उशीखाली.