दशांश: बंधन की स्वेच्छा? मंडळीत काम करणाऱ्यांचे अनुभव

पगार झाला की आधी दशांश, म्हणजे दहा टक्के, देवासाठी बाजूला काढा, असं अनेक ख्रिस्ती मंडळ्यांतून (चर्चमधून) शिकवलं जातं. काही ठिकाणी जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाचा ३रा अध्याय वाचून, न देणारा देवाला ठकवतो असंही सांगतात. तरुण कुटुंबं विचारतात की हे ख्रिस्ती माणसावर खरंच बंधनकारक आहे का, आणि असेल तर कशाच्या दहा टक्के? खजिनदार, पाळक, अभ्यासवर्ग घेणारे, हिशेब तपासणारे यांनी आपल्या कामातलं ज्ञान इथं लिहावं. कुणा मंडळीचं नाव नको.

अभ्यासवर्ग शिक्षक

आधी मोशेच्या नियमशास्त्रात काय होतं ते पाहू. लेवीय २७ प्रमाणे दशांश जमिनीच्या उत्पन्नाचा आणि गुराढोरांचा. धान्य स्वतःकडे ठेवून पैसे द्यायचे असतील तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त. म्हणजे १,००० च्या धान्याला १,२००. जनावरं काठीखालून मोजायची आणि दहावं परमेश्वराचं. दहावं आलंच नाही तर देणं नाही, असाच याचा अर्थ लागतो. सुतार, कोळी, मजूर यांच्या रोख कमाईवर दशांश सांगितलेला नाही.

गणना १८ प्रमाणे तो लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला, कारण त्यांना जमिनीत वाटा नव्हता. आणि लेव्यांनी त्यातला दहावा भाग याजकाला द्यायचा. अनुवाद १४ मध्ये आणखी एक दशांश दिसतो: तो देवासमोर कुटुंबानं स्वतःच खायचा, जागा लांब असेल तर माल विकून पैसा घेऊन जायचं. दर तिसऱ्या वर्षीचा गावातच ठेवून लेवी, परदेशी, अनाथ, विधवा यांना. तिन्ही वेगळे धरले तर वर्षाची सरासरी २३ टक्क्यांच्या वर जाते. तिसऱ्या वर्षाचा दुसऱ्याच्या जागी धरणारेही अभ्यासक आहेत.

म्हणून “जुन्या कराराप्रमाणे पगाराचे १० टक्के” हे वाक्य जुन्या करारातच बसत नाही. मलाखी ज्या भांडारात दशांश आणायला सांगतो ते म्हणजे यरुशलेमच्या मंदिराची कोठारं. ते मंदिर इ. स. ७० मध्ये पडलं. आजची मंडळी म्हणजे ते कोठार, असं नवा करार कुठंही म्हणत नाही.

ग्रामीण पाळक

वरचं मान्य, पण अब्राहाम नियमशास्त्राच्या आधीचा, ही बाजू नीट मांडायला हवी. उत्पत्ति १४ मध्ये त्यानं मलकीसदेक या राजा-याजकाला दहावा हिस्सा दिला तो लढाईतल्या लुटीचा, आणि तसं पुन्हा केल्याचं लिहिलेलं नाही. याकोबाचं उत्पत्ति २८ मधलं देणं हा नवस आहे. दोन्ही ठिकाणी आज्ञा नाही. इब्री ७ मध्ये हा प्रसंग येतो, पण तिथला मुद्दा ख्रिस्ताचं याजकपण थोर आहे हा.

मत्तय २३:२३ वरून वाद होतो. पुदिना, शेप, जिरं यांचा दशांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला) प्रभू येशू म्हणतात की हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. मंदिर उभं असताना नियमशास्त्राखालच्या माणसांशी झालेलं ते बोलणं आहे. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर कोणती ओझी ठेवायची ते ठरलं; त्या यादीत दशांश नाही. प्रेषित पौलाची रीत १ करिंथ १६:२ मध्ये आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकानं, मिळकतीच्या मानानं. २ करिंथ ९:७ मध्ये तर मनात ठरवल्याप्रमाणे, दुःखी मनानं किंवा बळजबरीनं नाही.

तरी नव्या कुटुंबाला आकडा विचारला तर दहा हे चांगलं माप आहे, असं मी सांगतो. ज्याच्यावर सावकारी कर्ज आहे त्यानं दोन-तीन टक्क्यांनी सुरू करावं. ज्याचं सहज भागतं त्यानं दहावर थांबू नये.

मंडळीची खजिनदार

पास्टरसाहेबांनी एक गोष्ट सोडली, ती मी लिहिते. १ करिंथ ९:१४ प्रमाणे सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर चालावी, ही प्रभूची आज्ञा आहे. दशांश बंधनकारक नाही हे ऐकलं की काही घरं दहाची नोट टाकून मोकळी होतात. समजा ४० घरांची मंडळी आहे. घरटी महिन्याला २०० आले तर ८,०००. त्यात वीजबिल, डागडुजी आणि पाळकाचं मानधन कसं बसवायचं? मग पाळक दुसरी नोकरी धरतो आणि आजाऱ्यांच्या भेटी थांबतात. टक्का ऐच्छिक आहे, पाळकाचं पोट ऐच्छिक नाही.

यावर उपाय भीती घालणं नाही. वर्षाचं अंदाजपत्रक जानेवारीत सगळ्यांपुढं वाचा आणि दर घराकडून महिन्याचा स्वेच्छेचा आकडा बंद पाकिटात लिहून घ्या. तीन महिन्यांनी जमा-खर्च सांगा. हिशेब दिसला की देणं वाढतं.

शेतकरी मंडळींचा कार्यकर्ता

शेतीत सगळ्यात मोठी गफलत ढोबळ आणि निव्वळ यांची होते. कांद्याची पट्टी (विक्रीची पावती) ६०,००० ची आली. रोप, खत, औषध, मजुरी, गोणी, गाडीभाडं मिळून ४२,००० गेले. उरले १८,०००. पट्टीवर दशांश काढला तर ६,०००, म्हणजे हातात उरलेल्याचा तिसरा हिस्सा. उरलेल्यावर काढला तर १,८००. नियमशास्त्रात पिकाचाच दहावा हिस्सा होता हे खरं, पण तिथं विकत आणलेली खतं, औषधं नव्हती. माझ्या मते निव्वळच धरावं. घरच्यांची मजुरी खर्चात धरू नये, ती घरातच राहते. पीककर्जाची रक्कम मिळकत नव्हे. भाव पडून तोटा झाला तर त्या हंगामाचा दशांश शून्य.

कापणीच्या सणाला आणलेलं धान्य, भोपळा, कोंबडी यांचा लिलाव होतो. चढ्या बोलीनं घेतलेला भोपळा हे अर्पणच, ते वेगळं लिहून ठेवा.

पगारपत्रक बघणारा

नोकरदारांसाठी: कर आणि व्यवसाय कर वजा करून धरा किंवा एकूण पगारावर धरा, वचनात यातलं काहीच ठरवून दिलेलं नाही. एकच पद्धत वर्षभर पाळा. भविष्यनिर्वाह निधीत मूळ पगाराच्या १२ टक्के कापले जातात. एकूण पगारावर देत असाल तर निवृत्तीला तुमच्या वर्गणीवर पुन्हा देऊ नका. मालकाचा हिस्सा आणि व्याज तेवढं नवं. दुकानदारानं गल्ल्यावर कधीच काढू नये, नफ्यावर काढावा.

दागिने गहाण ठेवून किंवा क्रेडिट कार्डवर दशांश भरणं चूक आहे. १ तीमथ्य ५:८ घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल फार कडक बोलतं. आईबापांच्या औषधाचा पैसा देवाला वाहिला म्हणणाऱ्यांना मार्क ७ मध्ये प्रभूंनी काय सुनावलं, तेही वाचावं.

धर्मग्राम (पॅरिश) परिषदेचे सदस्य, वसई

कॅथलिकांमध्ये १९८३ च्या धर्मसंहितेचा नियम २२२ सांगतो की श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावणं बंधन आहे: उपासना, प्रेषितकार्य, दानधर्म आणि सेवकांचा निर्वाह. टक्का दिलेला नाही. नियम ८४८ प्रमाणे ठरलेल्या अर्पणापलीकडं साक्रामेंतासाठी (बाप्तिस्मा, विवाह यांसारख्या पवित्र विधीसाठी) मागायचं नाही आणि गरिबीमुळं कुणाला ते नाकारलं जाऊ नये. दशांशाची बाकी दाखवून बाप्तिस्म्याचा दाखला किंवा दफनभूमीतली जागा अडवणं, मंडळी कुठलीही असो, गैरच आहे.

सक्तीचा दशांश ख्रिस्ती इतिहासात नंतर आला. ५८५ च्या मॅकाँच्या परिषदेनं न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठेवली. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यानं धान्याऐवजी रोख देणं आलं. देणाऱ्या शेतकऱ्याचा त्यावर किती राग होता, हे तिथल्या शतकानुशतकांच्या तंट्यांतून दिसतं.

हिशेब तपासनीस

अर्पणाची थैली उघडताना एकमेकांचे नातेवाईक नसलेले किमान दोघं हवेत. पाळक त्यात नको. मोजणी त्याच दिवशी, नोटांच्या तपशिलासह वहीत, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. थैलीतूनच मंडपवाल्याला पैसे दिले की हिशेब तुटतो. पाकिटाला नंबर द्या. कोणी किती दिलं याची यादी फलकावर लावू नका. गरीब घरं त्या लाजेनं रविवारी येणं बंद करतात.

एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला दिलेल्या दशांशावर देणगीची प्राप्तिकर सूट (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मिळत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ती सूट तशीही नाही. पावती मात्र घ्याच.

परदेशातून पाठवणाऱ्यांनी पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी. तेव्हा मंडळीच्या ट्रस्टकडं एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. पाळकाच्या स्वतःच्या खात्यावर पाठवून मंडळीला वळवायला सांगू नका. कारवाई झाली तर ती त्याच्यावर आणि ट्रस्टवर होते. नोंदणी नसेल तर परदेशातल्या भावंडांनी दशांश तिथल्याच मंडळीत द्यावा.