मदत हवी आहे: जिम्नी चालू असताना फोर-एच नेमकं कधी टाकायचं?

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात जवळजवळ दर आठवड्याला पुण्याहून वेल्ह्याकडे गावी जाणं होतं. गाडी मारुती सुझुकीची जिम्नी, पाच दारांची, मॅन्युअल गिअरची. कोथरूडहून खडकवासला, खानापूर, मग पाबे घाट ओलांडून वेल्ह्याच्या बाजूला उतरायचं आणि तिथून आत आमची वस्ती. शेवटचा टप्पा कच्चा आहे. लाल माती, मधे एक ओढा, आणि आवणी (भाताची लावणी) सुरू झाली की ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गाडी मीच चालवते, सोबत आई-बाबा असतात. भर पावसात गाडी रुतली तर त्या दोघांना चिखलातून चालवत नेणं शक्य नाही, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय.

अडचण अशी की रस्ता सलग कच्चा नाही. थोडं डांबर, मग उखडलेला पट्टा, परत डांबर, मग चिखल. कंपनीच्या पुस्तिकेत म्हटलंय की चाकं सरळ ठेवून ताशी १०० किमीच्या आत टू-एचमधून (फक्त मागच्या चाकांना ताकद) फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकता येतं. गावातले एक अनुभवी काका मात्र ठामपणे सांगतात, ‘पोरी, गाडी थांबवल्याशिवाय तो दांडा हलवायचा नाही, गिअर तुटेल.’ काकांनी आयुष्यभर जीप चालवली आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं सहज बाजूला सारवत नाही.

विचारायचंय ते हे: चालत्या गाडीत टाकताना क्लच दाबायचा का? घाटात रस्ता नुसता ओला असेल तर फोर-एच ठेवावं का? आणि परत टू-एचला येताना कधी कधी दांडा जड लागतो, समोरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत राहतो. हा बिघाड आहे की असंच असतं?

प्रतिसाद १

ताई, काकांचा सल्ला त्यांच्या गाडीपुरता बरोबर आहे. जुन्या बऱ्याच जीपना पुढच्या चाकांचे हब (चाकाला त्याच्या शाफ्टशी जोडणारा मधला भाग) हाताने फिरवून लॉक करावे लागत. म्हणजे उतरणं आलंच, आणि उतरायचं तर गाडी थांबवणंही आलं. जिम्नीत तेच काम व्हॅक्यूमने, आपोआप होतं. तुम्ही दांडा ओढला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा शाफ्ट फिरवायला लागते, मग हब जोडले जातात. या जोडणीला क्षणभर लागतो, तेवढा वेळ दिवा लुकलुकतो. ते नॉर्मल आहे.

गाडी चालू असणं हा धोका नाही. धोका आहे तो मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरत असताना दांडा ओढण्याचा. त्या वेळी मागचा शाफ्ट जोरात फिरत असतो आणि पुढची चाकं जवळपास उभी असतात. असे दोन वेग एकदम जोडायला गेलं की कर्रकर्र आवाज येतो आणि दात झिजतात. म्हणून फोर-एच चिखलात शिरण्याआधी टाकायचं, रुतल्यावर नाही. स्टिअरिंग सरळ, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल, वेग स्थिर, आणि दांडा एका दमात फोर-एचवर. क्लच दाबायची गरज पडत नाही. १०० ही वरची मर्यादा झाली. आपल्या रस्त्यांवर मी वीस-तीसच्या वेगात टाकतो.

फोर-एलचं (चारही चाकं, पण कमी वेगाचा जोरदार गिअर) वेगळं. तिथे काकांचंच ऐकायचं: गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून. ओढ्याचा काठ चढताना किंवा निसरड्या उतारावर ते वापरा. वेग साधारण निम्मा होतो आणि इंजिनच गाडी आवरून धरतं, ब्रेकवर फार उभं राहावं लागत नाही.

आता घाट. नुसत्या ओल्या डांबरावर टू-एचच बरं. जिम्नीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान, पण फोर-एचमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. मातीत चाक थोडं घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो. तुमचा दांडा जड लागतो तो या पिळामुळेच. जोर लावू नका. सरळ रस्त्यावर थोडं पुढे जा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, मग टू-एच. तरीही नाही निघालं तर थांबून थोडं सरळ मागे घ्या, पीळ सुटतो.

आणि एक, आई-बाबा सोबत असतात म्हणून मुद्दाम सांगतो. फोर-एचमुळे गाडी सुटायला मदत होते, थांबायला नाही. पाबे घाटाच्या उतारावर धुकं आणि ओलं डांबर असेल तर वेग कमी ठेवणं हाच उपाय.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं, फक्त ‘डांबर आलं की टू-एच’ हे फार काटेकोर धरू नका. दोन चिखलांच्या मधे पन्नास-शंभर मीटर सरळ डांबर असेल तर फोर-एचमध्येच राहा, तेवढ्याने काही होत नाही. तीव्र वळणं आणि लांब कोरडा रस्ता तेवढा टाळा.

टायरही बघा. दोनच नवे टाकले असतील, किंवा पुढे-मागे हवा पुस्तिकेतल्यापेक्षा वेगळी असेल, तर चाकांचा घेर बदलतो आणि सरळ रस्त्यावरही पीळ बसतो. दांडा सारखाच जड लागत असेल तर आधी तिथे शोधा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या प्रतिसादावरून लक्षात आलं, उन्हाळ्यात मागचे दोनच टायर बदलले होते. उद्या हवा तपासून घेते आणि पुढच्या टायरचीही झीज बघते. कच्चा रस्ता जिथे सुरू होतो, त्याच्या आधी शाळेसमोर सरळ तुकडा आहे. या शनिवारी तिथेच, चिखल लागायच्या आत, फोर-एच टाकून बघेन. अजून एक सांगाल का: ओढ्याला गुडघाभर पाणी असेल तर फोर-एच पुरेल, की काठावरच थांबून फोर-एल टाकावं?

प्रतिसाद १

फोर-एल, पहिला किंवा दुसरा गिअर, मधे गिअर बदलू नका. पण पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा ओढ जोरात असेल तर गाडी अलीकडेच लावा. आई-बाबा गाडीत असताना तर नक्कीच.