अमेरिकेत मुलीकडे जातोय, तिथून क्युबाला जाता येईल का?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी आपल्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होतो, आता निवृत्त. मुलगी-जावई फ्लोरिडात टँपाला असतात. मुलगी एच-वन-बी वर, जावईबापूंकडे ग्रीन कार्ड. आम्हा दोघांकडे व्हिजिटर व्हिसा आहे, उन्हाळ्यात जायचं चाललंय.

माझी जुनी हौस म्हणजे क्युबा. समुद्रकिनारा नको, सिगार नको, मला साखर बघायचीय. १९७० साली कॅस्ट्रोनं एक कोटी टनांचा हट्ट धरला आणि गाडी ८५ लाखांवर अडली. चेअरमननी गाळपाचं उद्दिष्ट जाहीर केलं की आमचे जुने साहेब हा किस्सा हमखास सांगायचे, अर्थात चेअरमन निघून गेल्यावर. पुढं सोव्हिएत गिऱ्हाईक बुडालं, आणि २००२ मध्ये दीडशेवर कारखान्यांपैकी जवळपास निम्म्यांना टाळं लागलं. हवानाच्या पूर्वेला चॉकलेटवाल्या हर्शीनं बांधलेला कारखाना आहे. त्यानं तिथं कामगारांचं गाव वसवलं, विजेवरची रेल्वे टाकली. तोही त्याच साली बंद पडला. त्याचं जे काय उरलंय ते मला बघायचंय.

टँपाहून हवाना अगदी जवळ. पण जावई म्हणतात, ३० जून २०२५ ला ट्रम्पनी आदेश काढून अमेरिकेतून क्युबाला जायचे नियम आवळलेत, भानगड नको. मुलगी म्हणते, बाबा, तुमचा पासपोर्ट भारताचा, तुम्हाला काय त्याचं? मेक्सिकोतून कॅनकुनमार्गे सगळेच जाऊ. कोणाचं खरं?

नवी_पेठ_७७
क्युबाचा शिक्का बसला की अमेरिकेचा व्हिसा गेला म्हणून समजा काका. असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

मायामीतला_बार्शीकर
ऐकलेलं चुकीचं आहे. ती अडचण व्हिसाशिवाय, ईस्टावर (ऑनलाइन प्रवास-परवान्यावर) येणाऱ्या युरोपियन वगैरे लोकांची. १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला गेलेल्यांना ईस्टा मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. आपल्याला ईस्टा मुळातच नाही.

काका, तुमच्या घरातल्या वादात जावई जिंकले. हा नियम नुसता पासपोर्ट बघत नाही. अमेरिकेचे नागरिक आणि रहिवासी जगात कुठंही असोत, त्यांना तो लागू. शिवाय जो कोणी त्या घडीला अमेरिकेच्या भूमीवर आहे, त्यालाही लागू. म्हणजे टँपाहून निघालात तर तुम्ही आणि काकूसुद्धा त्यात आलात. मुलगी तिथं राहते, नोकरी करते; कॅनकुनला वळसा घातला म्हणून ती सुटत नाही.

पर्यटन म्हणून जायला बंदीच आहे. परवानगीचे १२ प्रकार आहेत: नातेवाईक, पत्रकारिता, धार्मिक काम, व्यावसायिक संशोधन असे. बहुतेक लोक 'क्युबन जनतेला आधार' या प्रकारात जातात. त्यात लोकांच्या घरगुती खोल्यांत उतरायचं, खासगी खाणावळीत जेवायचं, दिवसभराचा कार्यक्रम स्थानिक लोकांबरोबर भरगच्च ठेवायचा. सरकारी हॉटेलांची बंदी-यादी आहे, तिथं राहायचं नाही. हे सगळं आधीपासूनच होतं. २०१९ मध्ये क्रूझ बंद केल्या, गटानं जाणाऱ्या सहलीही बंद केल्या. त्यातल्या सहली बायडननी २०२२ मध्ये परत सुरू केल्या. नव्या आदेशाचा रोख अंमलबजावणीवर आहे: तपासणी करा, प्रवाशांकडे नोंदी मागा. पावत्या, कार्यक्रम सगळं वर्षानुवर्षं जपून ठेवावं लागतं.

तुम्हाला खरं तर व्यावसायिक संशोधनाचा प्रकार जमेल की ओ! चीफ केमिस्ट होतात.

होटगी_रोड
साहेब, चिमणी नसलेला कारखाना बघायला एवढ्या लांब कशाला? २०२३ ला आमच्या इथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची पाडली की विमानतळासाठी. या चहाला.

जुळे_सोलापूर
चहाला येतोच. पण त्या चिमणीवर बोलायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

बार्शीकर, बरं झालं उलगडून सांगितलंत. संशोधनाचं मात्र नको. पेन्शनीतला माणूस कसलं संशोधन करणार? कुणी कागद मागितले तर दाखवू काय, जुनी लॅब-वही? लॅबमध्ये उसातल्या साखर उताऱ्याचा आकडा फुगवून लिहायचा दबाव यायचा तेव्हाही नाही म्हणालो होतो, आता हौसेपायी खोटा कार्यक्रम लिहिणार नाही.

गंमत बघा, १९६० च्या जुलैत आयझेनहॉवरनी अमेरिकेत येणाऱ्या क्युबाच्या साखरेचा कोटाच कापला. पुढं १९६२ ला केनेडींची पूर्ण व्यापारबंदी आली. कोट्याचं राजकारण आपल्याकडच्या साखरवाल्याला काय सांगायला पाहिजे?

आता असं ठरवतोय: अमेरिका आणि क्युबा वेगवेगळे करायचे. आम्ही दोघंच मुंबईहून माद्रिदमार्गे हवानाला जाऊ आणि तिकडूनच परत येऊ. मुलगी-जावयांना यात ओढायचं नाही. मुलगी रुसलीय, पण तिचा एच-वन-बी माझ्या हौसेपेक्षा मोठा. चालेल ना हे?

मायामीतला_बार्शीकर
चालेल. तुम्ही तिथले रहिवासी नाही, निघताना अमेरिकेत नाही, तेव्हा त्यांचा हा नियम तुम्हाला लागत नाही. फक्त तिकीट किंवा खोली मुलीच्या कार्डावर काढू नका, पैसे तिचे गेले की ती परत त्यात आली. पुढं अमेरिकेत उतरताना अधिकाऱ्यानं विचारलं तर सरळ सांगा, गेलो होतो म्हणून.

पार्क_चौक_ट्रॅव्हल
मी इथंच तिकिटांचं काम करते. काका, भारतीय पासपोर्टला क्युबाचा व्हिसा आधी काढावा लागतो. वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पॉलिसीत क्युबा वगळलेला नाही ना, हे विमावाल्याकडून लेखी घ्या. अमेरिकन बँकेचं कार्ड तिकडं चालत नाही, त्यामुळं रोख युरो ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या इथूनच न्या, तिथं औषधांचा तुटवडा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अख्ख्या देशाची वीज गेली होती, म्हणून टॉर्च आणि पॉवर बँक पाहिजेच. काकूंना विचारलंत का पण?

जुळे_सोलापूर
विचारलं. ती म्हणते, कारखाना तुम्ही एकटे बघा, मी हवानात थांबते. शेंगाचटणी नेता येते का ते तेवढं सांगा.

पार्क_चौक_ट्रॅव्हल
कस्टमचं विचारून सांगते. तोवर नेलीत तर सीलबंद पाकीट न्या, घरची डब्यात नको.