स्टेपनीला मराठीत काय म्हणायचं?

धंतोलीकर: गाडीच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. मी 'स्टेपनी' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'अतिरिक्त चाक' केलं. म्हणे स्टेपनी बोलीतला शब्द, आणि आजच्या इंग्रजीतही तो कुणी वापरत नाही. आपल्या नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन कोणी 'अतिरिक्त चाक' मागेल का? दुसरा शब्द सुचवा.

चाकोरी: जादा चाक. एसटीची 'जादा गाडी' चालते ना?

पाना_नंबर_सतरा: काऊन एवढं डोकं लावता बाप्पा? मागच्या मे महिन्यात बुटीबोरीच्या पुढं टायर बसला. दुपारचे दोन. डिकीतलं सगळं सामान रस्त्यावर काढलं, पान्याले हात लावला त चटका! दुपट्ट्यात धरून नट ढिले केले. स्टेपनी काढली त तिच्यातबी हवा नाही. बायको म्हणे, "मंग हे कायले संग आणलं?" त्या दिवशी थे खरंच अतिरिक्त होतं.

लेखणीबहाद्दर: शब्द 'स्टेप'वरून आला. जुन्या मोटारींच्या पायरीवर हे चाक बांधत. आमचे आजोबा सांगायचे.

बर्डीचा_बाबू: आजोबांना नमस्कार, पण नाही. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथल्या डेव्हिस बंधूंचा हा माल, १९०४ सालचा. तेव्हा मोटारीला जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब काढत बसा. यांनी आरे नसलेली नुसती धाव, म्हणजे चाकाची बाहेरची कडी, केली, तिच्यावर हवा भरलेला टायर. ती बसलेल्या चाकाच्या बाजूला आवळायची आणि निघायचं. म्हणजे मूळ स्टेपनी चाक काढून लावायची नव्हतीच! तिकडे शब्द मागे पडला, आपल्याकडे राहिला. ब्राझीलमध्येही 'एस्तेपे' म्हणतात.

शुद्धमती: गल्लीचं नाव म्हणजे शब्द नव्हे. 'दिनांक', 'महापौर' सावरकरांनी दिले आणि रुळलेच ना? आधी वापरा तर खरं. आणि 'धाव' कशी सहज आली बघा. बैलगाडीचा शब्द.

बर्डीचा_बाबू: शब्द पाडण्याचं नागपूरकरांना काय सांगता? कोशकार डॉ. रघुवीर इथंच बसून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारासाठी परिभाषा घडवत होते. नेकटायचा 'कंठलंगोट' लोकांनी थट्टेत त्यांच्या माथी मारला. दिनांक अर्जावर लिहायचा असतो, म्हणून सरकारला रुळवता आला. स्टेपनीचं नाव ऑइलचे हातवाले ठरवतात.

चाकोरी: आमच्या क्रिकेट टीममध्ये बाराव्या गड्याला स्टेपनी म्हणत. चार वर्षं मीच होतो. पाणी चांगलं नेलं.

लेखणीबहाद्दर: बरं, स्टेपनी सोडा. 'डिकी' तरी डब्बीवरून असणार.

बर्डीचा_बाबू: नाही हो. इंग्रजांच्या बग्गीत मागं नोकराची बैठक असे, ती डिकी. पुढं मोटारीच्या मागं उघडणारी सीट. बैठक गेली, तिथं आपल्या पिशव्या आल्या.

लेखणीबहाद्दर: डब्बी जवळची वाटते.

पाना_नंबर_सतरा: वर 'टायर बसला' लिहिलं त एक पुणेकर मले मेसेज करून राहिला, 'टायर बसलं' म्हणा. तो टायर का ते टायर?

शुद्धमती: ते टायर.

धंतोलीकर: मंडळी, उद्या सकाळी फाइल द्यायची आहे.

पाना_नंबर_सतरा: तो टायर, ती ट्यूब. जोडीच हाये ना थे.