मिनीडीव्ही कॅसेट: हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा

प्रश्न: 2004 सालचं ताईचं लग्न, तीन मिनीडीव्ही कॅसेट (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल टेप). यूएसबीने कॉम्प्युटरवर घेतलं, चित्र अगदीच फिसकटलेलं. एडिटिंगला सेकंदाला 30 फ्रेमचा प्रोजेक्ट केलाय, तर अक्षता टाकणारे हात झटके खातात आणि कडांना दात दिसतात. कॅसेट गेल्या का?

उत्तर: कॅसेट ठणठणीत आहेत हो. आपल्याकडचे कॅमेरे PAL (पाल) या व्हिडिओ पद्धतीचे, सेकंदाला 25 फ्रेम. तुम्ही 30 केलंत, म्हणून दर पाच फ्रेममागे एक दोनदा दिसते. तोच झटका. प्रोजेक्ट 25 वर आणा. दात इंटरलेसिंगचे: एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं असतात. डीइंटरलेस करून, म्हणजे ही अर्धी चित्रं वेगळी करून प्रत्येकाची पूर्ण फ्रेम बनवून, सेकंदाला 50 फ्रेम काढल्यात तर हालचाल सलग दिसेल.

उत्तर: यूएसबीचा नाद सोडा. कॅमेऱ्याला फायरवायरचं (व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायची जुनी केबल-जोडणी) बारीक भोक असेल, तिथून घ्या. तासाची कॅसेट तासभरच घेणार, साधारण 13 जीबी. आधी कॅसेट शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळा. मी बारशाची तशीच लावली आणि मध्येच अडकली.

प्रश्नकर्ता: फायरवायर कार्ड जुन्या बाजारात मिळालं. 25 केल्यावर झटके गेले. मंगलाष्टकांत आजीचा बेसूर आवाज स्पष्ट ऐकू येतोय. दुसरी कॅसेट गुंडाळतोय.